मध्ये एक जागा सोडा

पीएचडी संपता संपता मला नॉर्थ कॅरोलायनातल्या एका औषध कंपनीत नोकरी लागली, तेव्हा मी तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका ओळीत विचारलं होतं, कॅरी गाव राहायला कसं आहे? मी आणि अंकुर, माझा नवरा, तेव्हा पेनसिल्वेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहत होतो, दोन खोल्यांत आणखी दोन जणांबरोबर. मला वाटलं होतं, 'छान आहे', 'उन्हाळा फार' असं काहीतरी कुणीतरी लिहील. आलं ते सात पानांचं पत्र. वर शीर्षक, 'कॅरीची ओळख'. खाली सही, गुरुनाथ तेंडोलकर. सहीखाली फोन नंबर आणि त्याखाली ताकीद: 'घर बघायला येणार असाल तर आधी मला फोन करावा. एजंटला नंतर.'

मी ती पानं अंकुरला मोठ्याने वाचून दाखवली. हसून हसून आमचा भात करपला.

'या गावात उंच पाट्या लावायला बंदी आहे. दुकान झाडामागे असतं. आधी झाड ओळखावं, मग वळावं.' 'एप्रिलमध्ये पाइनच्या परागांची पिवळी भुकटी पडते. गाडी धुऊ नये. पुन्हा पडते.' 'इंचभर बर्फ पडला तरी गाव बंद होतं. दूध आणि ब्रेड आदल्या दिवशी आणावा. आपण याहून जास्त बर्फ बघितला आहे, हे दुकानात कुणाला सांगत बसू नये.' 'माती लाल आहे. कोकणातल्या माणसाला बरं वाटतं. पांढरे बूट घालू नयेत.' हे सगळं पान चारपासून पुढे. पहिली अडीच पानं होती शाळांची. कुठल्या पत्त्याला कुठली शाळा लागते, कुठली भरली म्हणून पोरांना लांब पाठवते, कुठल्या शाळेबाहेर दुपारी तीनला गाड्यांची किती मोठी रांग लागते. आम्हाला मूल नव्हतं. आम्हाला तर पलंगही नव्हता.

ही २०१४ची गोष्ट. पहिल्याच शनिवारी सकाळी दहा वाजता हॉटेलच्या दारात एक चंदेरी मिनीव्हॅन उभी राहिली. आतून उंच, काटकुळे, शर्ट नीट खोचलेले आणि सँडलमध्ये मोजे घातलेले गृहस्थ उतरले. "मी गुरुनाथ. काका म्हणा. ही उल्का, ही मधे मधे बोलेल." शेजारच्या सीटवरच्या काकू मांडीवर थर्मास घेऊन बसल्या होत्या. "मी बोलले नाही तर हे तुम्हाला जेवायला सोडायचे नाहीत," त्या म्हणाल्या.

काका मूळचे कुडाळचे, पुण्यात बारा वर्षं नोकरी करून १९९८मध्ये इथे आलेले. आल्यावर पहिले चार महिने त्यांना गावात कुणी काही सांगायला नव्हतं. वाण्याचं दुकान सापडायला सहा आठवडे गेले, ते का, तर झाडामागे होतं म्हणून. तेव्हा त्यांनी म्हणे ठरवलं, की यापुढे या गावात येणाऱ्या एकाही मराठी माणसाचे सहा आठवडे वाया जाऊ द्यायचे नाहीत. त्यातून निघाला 'राउंड'. शनिवार, सकाळी दहा ते दुपारी दोन. वाणी, देऊळ, लायब्ररी, लायसन्सचं ऑफिस, कुठल्या सिग्नलला डावीकडे वळताना जीव मुठीत धरायचा, हे सगळं. शेवटचा थांबा तळ्याकाठचं एक बाक. तिथे काकू थर्मासमधून आल्याचा चहा ओतायच्या, खोबऱ्याच्या वड्यांचा डबा उघडायच्या आणि विचारायच्या, "मग, राहाल ना?" जो उठेल तो 'हो' म्हणूनच उठायचा. मी तर दोन वड्यांत विरघळले.

पण तळ्याच्या आधी शाळा होती.

काकांनी गाडी एका प्राथमिक शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये लावली आणि आम्हाला पाटीसमोर उभं केलं. "फोटो," ते म्हणाले. अंकुर माझ्या खांद्यावर हात टाकायला लागला तसे ओरडले, "अहं, लांब लांब. आणखी थोडं. मध्ये एक जागा सोडा."

"कुणासाठी?" अंकुरने विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. मी फक्त जागा धरून ठेवतोय."

मला असा राग आला! पाच वर्षं लॅबमध्ये उंदरांच्या मागे घालवून माझ्या नावापुढे नुकतं कुठे डॉक्टर लागत होतं, आणि हा पाच मिनिटांच्या ओळखीचा माणूस माझ्या पोटाची व्यवस्था लावत होता. गाडीत बसल्यावर मी काही बोलणार तेवढ्यात काकू मागे वळून म्हणाल्या, "रागावू नकोस गं. तो आचरटपणा मी पंधरा वर्षं बंद करायला सांगतेय. पण त्यांच्या अल्बममध्ये एकदा बघ, म्हणजे राग जाईल."

अल्बम मी पुढे बघितला. डाव्या पानावर जोडपं, मध्ये जागा सोडून. उजव्या पानावर तेच जोडपं, थोडं जाड झालेलं, त्याच पाटीसमोर, आणि मध्ये दप्तर घेतलेलं पोर. पानामागून पान. शंभरावर जोडपी होती. काही उजवी पानं रिकामी होती. कुणी गाव सोडून गेलं होतं, कुणी एकमेकांना. आणि अल्बमचं पहिलं पान दोन्ही बाजूंनी कोरं होतं. मी विचारलं तर काका म्हणाले, "ते घरच्यांचं." त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धेश याच शाळांत शिकला, आणि मग नोकरीसाठी गेला तो थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिॲटलजवळ बॉथेलला. लग्नही तिकडेच भेटलेल्या स्वानंदीशी केलं. ज्या माणसाने अर्ध्या महाराष्ट्राला कॅरीत आणून बसवलं, त्याचा स्वतःचा मुलगा सहा तासांच्या विमानाइतका लांब. काका हे हसत हसत सांगायचे. हसणं तेवढं बरं जमायचं नाही.

२०२१मध्ये आमचं उजवं पान भरलं. मध्ये आमचा अनय, तोंडावर मास्क, पाठीवर त्याच्याहून मोठं दप्तर. "Guru Ajoba, is it done?" तो ओरडतोय आणि काका फोन धरून डोळे पुसताहेत, म्हणून फोटो हललेला आहे. मी एव्हाना त्या घरची झाले होते. राउंडला मागच्या सीटवर मी असायचेच, नवख्यांना धीर द्यायला.

काकांचा एक दोष मात्र सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन अडतं. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. चांगली बातमी तर अजिबात नाही. २०१९मध्ये स्वानंदीला दिवस गेले. आठवा आठवडा. सिद्धेशने वडिलांना फोनवर सांगितलं आणि 'एवढ्यात कुणाला सांगू नका' हेही सांगितलं. काकांनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी मंडळाचा गणपती होता. पेढ्यांचे चाळीस बॉक्स घेऊन ते हॉलच्या दारात उभे. "आजोबा होतोय!" प्रत्येकाला हातात पेढा आणि पाठीत थाप. पंधरा दिवसांनी ते मूल गेलं.

आता चाळीस बॉक्स पेढे परत कसे घेणार? काका कुणाला काही सांगू शकले नाहीत, आणि लोक वर्षभर विचारत राहिले, "काय काका, नातू का नात?" डिसेंबरमध्ये स्वानंदी सासरी आली असताना वाण्याकडे एका बाईने तिचं सपाट पोट बघून विचारलं, "अगंबाई, झाली पण का डिलिव्हरी?" स्वानंदी हातातली कोथिंबीर तशीच टाकून दुकानाबाहेर गेली. त्या दिवशी तिने सिद्धेशला सांगितलं, "पुढच्या वेळी बाबांना बाळ रडल्यावर कळेल. त्याच्या आधी नाही."

तिचं काय चुकलं? मला तरी काही दिसत नाही.

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये उल्काकाकू गेल्या. कॅन्सर पोटात होता आणि कळेपर्यंत उशीर झाला होता. शेवटचे तीन आठवडे स्वानंदी इथे येऊन राहिली. मी आणि ती पाळ्या लावून काकूंजवळ बसायचो, तेव्हा आमची मैत्री झाली. काकू गेल्यावर काकांचे राउंड बंद होतील असं सगळ्यांना वाटलं. झाले नाहीत. पुढची सीट रिकामी ठेवून ते चालू राहिले. थर्मासात चहा भरायचं काम माझ्याकडे आलं. वड्या मला जमत नाहीत, मी बिस्किटं न्यायचे, आणि तळ्याकाठी 'राहाल ना' हे विचारायला कुणी नसायचं. काका पाण्याकडे बघत बसायचे. मग मीच विचारायला लागले.

२०२४च्या मार्चमध्ये काका एका दुपारी फोनवर अक्षरशः किंचाळले. "येतायत! देवयानी, येतायत ते! सिद्धेशचं ऑफिस म्हणतंय इथून काम कर. घर बघायला येतायत दोघं. एप्रिलचा दुसरा शनिवार. राउंड घ्यायचाय!"

त्या दिवसापासून त्या माणसाने घर डोक्यावर घेतलं. वरची खोली रंगवली. पत्राच्या सात पानांवर नव्याने हात फिरवला, जुनी दुकानं काढली, नवी घातली. चंदेरी गाडी पिवळ्या भुकटीतही दर दोन दिवसांनी धुतली, स्वतःच्याच ताकिदीविरुद्ध. एकहत्तर वर्षांचा तो माणूस बादली घेऊन अंगणात उभा असलेला मी येता जाता बघायचे, आणि मला भरून यायचं. रोज एकट्याने जेवायचे ते. ही दोघं आली नाहीत तर हे असंच चालणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी, मी जेवणाच्या सुट्टीत असताना, स्वानंदीचा फोन आला.

"देवयानीताई, एक सांगायचंय. प्लीज मधे बोलू नकोस." आणि तिने सांगितलं. मागच्या वर्षी ती पुन्हा गरोदर होती. ठरवल्याप्रमाणे बाबांना सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलवर खांद्यापर्यंतच दिसायचं. आठव्या महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, एका सकाळी बाळ हलायचं थांबलं. मुलगी होती. बाळ रडल्यावर बाबांना सांगायचं ठरलं होतं, आणि बाळ रडलंच नाही.

मी डबा बंद केला. सहा महिने होऊन गेले होते. सहा महिने काका दर रविवारी त्या दोघांशी बोलून मला सांगत होते, 'मजेत आहेत.'

"सिद्धेशला तिथून निघायचंय," स्वानंदी म्हणाली. "बाळाची ती खोली बंद आहे ना, तिच्यावरून रोज जावं लागतं. मला कळत नाहीये मला जमेल की नाही. आईंच्या त्या बाकावर बसून बाबांना सगळं सांगायचं, असं मी ठरवलंय. तळ्यावर. मग बघू. फक्त ताई, तो शाळेचा स्टॉप... तो कॅन्सल करता येईल का? काहीतरी सांग त्यांना. खरं कारण नको. ते मलाच सांगू दे."

"करते," मी म्हणाले. "तू काळजी करू नकोस. मी बघते."

मी काय बघितलं ते लिहायची मला लाज वाटते. शुक्रवारी काकांना म्हणाले, "काका, उद्या शाळेला नको जाऊ या. उगाच वेळ जातो. आणि शाळा बंद असेल."

"शनिवारी शाळा बंदच असते, बाई! पंचवीस वर्षं बंद शाळाच दाखवतोय मी." ते हसायला लागले. मग हसू थांबवून, इकडेतिकडे बघत, आवाज उतरवून म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. शाळा बघितली की माणसाच्या मनात येतं. तुझ्या नाही का आलं? त्या पेढ्यांनंतर मी पाच वर्षं तोंड उघडलेलं नाही. एक अक्षर विचारलेलं नाही दोघांना. फोटोत जागा धरून ठेवली तर त्याला काही विचारणं म्हणत नाहीत ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. 'काका, नको, कारण विचारू नका, पण नको', एवढंही पुरलं असतं. पण मी शब्द दिला होता, आणि खरं म्हणजे मला त्यांच्या चेहऱ्यावरचं ते सगळं पुसायची हिंमत झाली नाही. माझ्या मनात आलं, उद्या गाडीत काहीतरी सुचेल. मी नागपूरची, तोंडाळ म्हणून अख्ख्या मंडळात प्रसिद्ध. नेमकी तेव्हा शेपूट घातली.

शनिवारी पुढच्या सीटवर सिद्धेश बसला, मागे स्वानंदी आणि मी. काका असे रंगात आलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. स्वतःच्या मुलाला, जो इथेच लहानाचा मोठा झाला त्याला, झाडामागचं दुकान दाखवत होते. सिद्धेशही हसून "हो बाबा, माहितेय बाबा" करत होता. लायब्ररीपाशी स्वानंदी खरंच हसली. वाण्याकडे तिने स्वतःहून कोथिंबिरीची जुडी घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, जमेल. ही राहील.

मग गाडी डावीकडे वळली. स्वानंदीने माझा हात धरला. मी म्हणाले, "काका, थेट तळ्यावरच जाऊ या ना, चहा गार होतोय."

"थर्मास आहे तो," काका म्हणाले. "उल्काचा. संध्याकाळपर्यंत गार होत नाही."

त्या क्षणी 'गाडी थांबवा' म्हणायला काय लागत होतं? मी त्यानंतर शंभर वेळा मनात म्हटलंय, निरनिराळ्या आवाजांत.

शाळेच्या पाटीवर पिवळा थर बसला होता. काकांनी खिशातून रुमाल काढून अक्षरं पुसली. दोघं पाटीसमोर उभे राहिले. सिद्धेश "बाबा, राहू दे ना" म्हणाला, पण हळू. काकांनी फोन डोळ्यासमोर धरला. मी तोपर्यंत गाडीतून उतरले नव्हते.

"थोडं लांब. आणखी. मध्ये एक जागा सोडा."

स्वानंदी बाजूला सरकली. तिने मोजून जागा सोडली. आणि हसली, फोटोत हसतात तसं, दात दाखवून. मग खाली, त्या दोघांमधल्या मोकळ्या जागेकडे तिने बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. काकांचा फोटो काढून झाला होता, तरी ती बघतच होती.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, माझं डोकं दुखतंय. घरी जाऊ या." त्या दिवशी राउंड तळ्यापर्यंत गेला नाही. रविवारी दोघं परत गेले, आणि बुधवारी सिद्धेशने वडिलांना कळवलं की सध्या कॅरीचं जमणार नाही.

काकांनी मला विचारलं, "काय कमी पडलं?" मी म्हणाले, मला नाही माहीत. स्वानंदीने पुन्हा शब्द घेतला होता. आता फोनवर नाही सांगायचं, समोरच सांगू, असं ती म्हणाली. मी 'बरं' म्हणाले. एव्हाना 'बरं' म्हणायची मला चांगली सवय झाली होती.

आणि काका कामाला लागले. गावात काय कमी आहे ते शोधायला. त्यांना वाटलं, सिॲटलकडच्या लोकांना डोंगर लागतात. म्हणून त्यांनी पत्राला आठवं पान जोडलं. 'डोंगर साडेतीन तासांवर आहेत. लवकर निघाल्यास एका दिवसात जाऊन येता येतं. समुद्र दुसऱ्या बाजूला, अडीच तास.' मग वाटलं, पाऊस आवडत असेल. 'पाऊस वर्षभर येतो, फक्त मुक्काम करत नाही.' मग एक ओळ घातली, ती मी वाचली तेव्हा मला बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं. 'सासरे वेगळं राहायला तयार आहेत.' ते आठवं पान त्यांनी फक्त बॉथेलला पाठवलं.

सप्टेंबरमध्ये सिद्धेशचा फोन आला. "बाबा, आता तुम्ही इकडे या. ऑक्टोबरात. मी तुम्हाला आमच्या गावाचा राउंड देतो."

काका गेले आणि आठवड्याने परत आले. विमानतळावरून थेट माझ्याकडे आले, बॅगेसकट. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं सांगते.

"सिद्धेशने गाडी चालवली. पुढे मी, मागे स्वानंदी. थर्मास घेतला होता तिने. वाणी दाखवला, लायब्ररी दाखवली, ऑफिस दाखवलं. नदीवर नेलं, तिथे मासे प्रवाहाच्या उलटे पोहत येतात त्या दिवसांत. मी म्हटलं, वा, पोरगा तयार झाला. मग चढावर एका बागेत गाडी घातली. उंच झाडं, पाऊस भुरभुरत होता. मी उतरलो आणि बघितलं तर स्मशान आहे, इथल्या पद्धतीचं. एका छोट्या दगडापाशी दोघं थांबले. दगडावर आपलं आडनाव. आणि एक तारीख. देवयानी, मी काय म्हणालो माहितेय? मी म्हणालो, 'सिद्धेश, कोरणाऱ्याने चूक केली रे. दुसरी तारीख राहिली.'"

मी उठून पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही.

"मग स्वानंदी म्हणाली, 'बाबा, एकच आहे.' तिच्या आईने पुण्याहून सांगितलं होतं, एवढ्या लहान बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. म्हणून तिथे ठेवलंय. ती म्हणाली, 'मी कॅरीला यायचं मनात आणलं होतं बाबा, खरंच. पण तुम्ही फोटोत जागा सोडायला सांगितलीत तेव्हा मला कळलं, की हिला इथे एकटी टाकून मला कुठेच जाता यायचं नाही.' आणि मग दोघं त्या दगडाच्या दोन बाजूंना उभे राहिले. सिद्धेश म्हणाला, 'बाबा, आता काढा फोटो.'"

काकांनी फोन माझ्यापुढे सरकवला. सिद्धेश, स्वानंदी, मध्ये जागा. त्या जागेत ओला करडा दगड, गुडघ्याहूनही ठेंगणा. फोटो हललेला होता.

मी रडायला लागले आणि रडता रडता चूक केली. म्हणाले, "ती एप्रिलमध्ये सांगणारच होती तुम्हाला, तळ्यावर."

काकांनी मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"शाळेत जायच्या आधी?"

"हो, काका."

त्यांनी फोन उचलून खिशात ठेवला. मग म्हणाले, अजिबात न रागावता, "मागच्या सीटवर तू होतीस, देवयानी. डोक्यात एक टपली मारायचीस मला." बॅग उचलून ते गेले. चहा घेतला नाही. त्यांच्या घरी असो की माझ्या, दहा वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

महिनाभर फोन नाही. दोन शनिवारी नवी माणसं आली होती, त्यांना काकांनी कळवलं, सध्या राउंड बंद आहे. डिसेंबरात एका सकाळी दारात चंदेरी गाडी उभी राहिली. काका अल्बम आणि थर्मास घेऊन आले होते.

"घर विकायला काढलंय," ते म्हणाले. "बॉथेलला जातोय. त्यांच्या जवळच एक खोली बघितली आहे, रोज गळ्यात नाही पडणार त्यांच्या. हे तुझ्याकडे राहू दे."

"काका, सव्वीस वर्षं! तुमचं गाव आहे हे. तुम्ही वसवलंय आम्हाला इथे."

"हो ना. पण घरचे सगळे तिकडे आहेत," ते म्हणाले. 'सगळे' हा शब्द उच्चारताना त्यांनी बोटं मोजली नाहीत, पण मी मोजली. मग ते टेबलाशी बसले आणि म्हणाले, "चहा टाक." मी टाकला. दोघांनी प्यायला. मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते गेल्यावर अल्बम उघडला. पहिल्या पानावर डावीकडे शाळेचा फोटो, उजवीकडे दगडाचा.

आता राउंड मी घेते. शाळा लांबून दाखवते, गाडी थांबवत नाही. तळ्याकाठी विकतच्या वड्या देते. कुणी फोटोचं विचारलं तर म्हणते, ती पद्धत बंद झाली.

या एप्रिलमध्ये आमच्या आणि बॉथेलकडच्या, दोन्ही मंडळांच्या ग्रुपवर एकच पत्र आलं. शीर्षक, 'बॉथेलची ओळख'. पाच पानं. मी एका बैठकीत वाचलं. पाऊस, वाणी, बस, मासे कधी येतात, छत्री का घेऊ नये. शाळा पान चारवर, फक्त चार ओळी. मी स्वानंदीला फोन करणार होते, हे असं सगळ्यांना कळवायला तुझी हरकत नव्हती ना, म्हणून. पण तिचाच मेसेज आला, 'ताई, शेवटचं पान मी आणि बाबांनी मिळून लिहिलंय. ते म्हणाले, एकदा सगळ्यांना सांगायचं राहून गेलंय.'

शेवटचं पान असं होतं:

'चढावरच्या बागेत गेटमधून आत डावीकडे गाडी लावावी. पायऱ्या ओल्या असतात, धरून चढावं. तिसऱ्या रांगेत, मोठ्या सीडरच्या झाडाखाली, आमची नात असते. फुलं आणू नयेत, हरणं खातात. नुसतं आलात तरी चालेल. शनिवारी सकाळी दहा वाजता मी तिथे असतो. चहा आणतो.'